अ‍ॅव्हरेज जातं कुठे? जड गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी मोठ्या एसयूव्हीच्या अ‍ॅव्हरेजबद्दल इतकी पत्रं आली की बाकीचे सगळे प्रश्न पुढच्या अंकात घेतोय, क्लच आणि बॅटरीवाल्यांनी थोडं थांबा. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय, कारण त्यात जे विचारलंय तेच थोड्याफार फरकाने बाकीच्यांनीही विचारलंय.

प्रश्न: नमस्कार. आम्ही बाणेरला राहतो, माझं आणि मिस्टरांचं दोघांचंही ऑफिस हिंजवडीत. गेल्या दिवाळीत तीन लिटर पेट्रोल इंजिनची मोठी लक्झरी एसयूव्ही घेतली, आयुष्यात एकदा घ्यायची म्हणून घेतली. कागदावर अ‍ॅव्हरेज ११ च्या वर आहे, आम्हाला मिळतंय ५.८, फार तर ६. दोनदा सर्व्हिस सेंटरला नेली, कॉम्प्युटर लावून बघितलं आणि म्हणाले गाडीत काही फॉल्ट नाही मॅडम, चालवायची पद्धत बदला. मी १५ वर्षं गाडी चालवतेय, आधीच्या छोट्या गाडीने याच रस्त्यावर १३ दिलेत. घरी रोज यावरून बोलणं होतं, सासरे म्हणतात तुम्हाला फसवलं. खरंच फसवलंय का? – एक वाचक, बाणेर

उत्तर: ताई, आधी एक सांगतो, तुमची चालवायची पद्धत चुकीची आहे असं मला अजिबात वाटत नाही. जी बाई त्याच रस्त्यावर छोट्या गाडीतून १३ काढते तिला गाडी चालवता येते. सर्व्हिस सेंटरवाल्याने तुम्हाला हे असं एका वाक्यात उडवून लावायला नको होतं, बसवून हिशोब समजावून सांगायला हवा होता. तो आता मी सांगतो, थोडा लांब आहे पण एकदा कळला की घरातलं भांडण तरी मिटेल.

कागदावरचा आकडा कुठून येतो ते आधी बघू. आपण सकाळी वेताळ टेकडीवर फिरायला जातो ना, जिला निम्मं कोथरूड एआरएआय टेकडी म्हणतं, ती एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, १९६६ पासूनची संस्था. अशा चाचण्या हरियाणात मानेसरलाही होतात, पण सगळ्या देशात लोक 'एआरएआय मायलेज' असंच म्हणतात, म्हणजे आपल्या टेकडीचं नाव झालंय त्या आकड्याला. चाचणी रस्त्यावर होत नाही, गाडी बंद खोलीत रोलरवर उभी करतात, रोलरवर गाडीच्या वजनाइतका भार देतात आणि ड्रायव्हर समोरच्या स्क्रीनवरची रेघ धरून वेग कमीजास्त करतो. साधारण २० मिनिटं, साडेदहा किलोमीटरच्या आसपास. पहिली १३ मिनिटं शहर, शेवटची साडेसहा-सात मिनिटं हायवे आणि त्यातही ९० च्या वर जायचंच नाही. एसी बंद. शहराच्या भागात गाडी १२ वेळा थांबून सुटते, त्यातल्या ४ वेळा फक्त १५ च्या वेगापर्यंत, ४ वेळा ३२ पर्यंत आणि ४ वेळा ५० पर्यंत, आणि हे ५० गाठायला तब्बल २६ सेकंद. ताई, बाणेरच्या सिग्नलला हिरवा लागल्यावर २६ सेकंद घेऊन ५० ला पोचा, मागचे सगळे हॉर्न वाजवून वेडं करतील.

आता तुमची संध्याकाळ घ्या. समजा १२ किलोमीटर आणि तास. म्हणजे चाचणीइतकंच अंतर पण तिप्पट वेळ, आणि तो जास्तीचा सगळा वेळ इंजिन चालू, एसी चालू, गाडी रांगतेय. त्यात हायवेचा भाग नाहीच, ज्याने कागदावरचा आकडा वर ओढलेला असतो.

आता वजन. ऑडी क्यू सेव्हन घ्या, मर्सिडीज जीएलएस घ्या, बीएमडब्ल्यू एक्स सेव्हन घ्या, या आकाराच्या सगळ्या गाड्या दोन टनांच्या वर आहेत, तुम्ही दोघं, लॅपटॉप, डिकीतलं सामान धरून तुमची २४०० किलोच्या आसपास जात असेल. एवढं वजन शून्यापासून ४० च्या वेगाला न्यायला, मी गणित करून बघितलं, साधारण २५ मिलि पेट्रोल लागतं, खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं म्हणा. छोट्या गाडीला त्याच कामाला १० मिलि. आणि मग पुढचा रिक्षावाला थांबतो, तुम्ही ब्रेक मारता आणि ती दोन झाकणं ब्रेकच्या डिस्कमधून गरम हवा होऊन जातात. पेट्रोल अ‍ॅक्सिलरेटरने जातं असं सगळे म्हणतात, मला विचाराल तर ते ब्रेकपाशी जातं, कारण सरळ चालत राहिलेल्या गाडीत घातलेलं पेट्रोल निदान तुम्हाला पुढे तरी नेतं.

तुमच्या १२ किलोमीटरमध्ये अशी ३० वेळा गाडी थांबून सुटली तर पाऊण लिटर तिथेच गेलं. टायर लोळवायला अर्धा लिटर, कारण टायरचा विरोध वजनाच्या प्रमाणात वाढतो आणि तुमचे टायर रुंदही आहेत. सगळं मिळून २० मिनिटं गाडी जागेवर उभी, तीन लिटरचं इंजिन एसीसकट तासाला दीड लिटरच्या आसपास पितं, तो अर्धा लिटर. इंजिन गरम होईपर्यंतची पहिली दोन-तीन किलोमीटर आणि बाकी किरकोळ मिळून पाव लिटर. झाले दोन लिटर, १२ किलोमीटरला दोन लिटर, म्हणजे ६. हे मोजलेलं नाही, अंदाजाचं गणित आहे, पण तुमच्या आकड्याला येऊन टेकलं बघा. हेच गणित छोट्या गाडीला लावलं तर १३-१४ येतं, तेही तुम्ही सांगितलंच आहे.

तर सासऱ्यांना सांगा, कागदावरचा आकडा खोटा नाही पण तो बाणेर-हिंजवडीचा नाही. मात्र विकताना कोणी तुम्हाला हे सांगितलं नाही, तुमचा रोजचा रस्ता कुठला हे कोणी विचारलंसुद्धा नाही, याचा राग येणं बरोबर आहे आणि मलाही तो येतो. एवढे पैसे घेणाऱ्याने खरं शहरातलं अ‍ॅव्हरेज तोंडाने सांगावं ही अपेक्षा काही जास्त नाही.

तरीही गाडीत खरंच दोष नाही ना याची खात्री करून घ्या. एखाद्या रविवारी पहाटे सोलापूर रोडला जा, उरुळी कांचनच्या पुढे पंपावर टाकी फुल करा, ऑटो कट झाला की थांबा, वर दाबून दाबून भरू नका. तिथून यवत, चौफुला करत पाटसपर्यंत क्रूझ कंट्रोलवर ८० ने जा आणि त्याच पंपावर परत येऊन परत ऑटो कटपर्यंत भरा. रस्ता सपाट आहे आणि जाऊन-येऊन केल्यामुळे थोडाफार चढ-उतार असला तरी फिटतो. १२ च्या आसपास किंवा वर आलं तर इंजिन ठणठणीत आहे. तिथेही ८ आलं तर मात्र पंपाच्या पावत्या घेऊन सर्व्हिस सेंटरला जा आणि लेखी जॉब कार्ड बनवून घ्या, ब्रेक चिकटतोय का (गाडी चालवून आल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागतं का बघा, हात लांबूनच धरा), थर्मोस्टॅट (इंजिनचं तापमान सांभाळणारा व्हॉल्व्ह) उघडाच राहिलाय का, अलाइनमेंट कशी आहे, हे एकेक करून तपासायला लावा. तेव्हा चालवायची पद्धत हे उत्तर त्यांना देता येणार नाही.

हवेचं एक राहिलं. मागच्या वर्षी एका मित्राच्या अशाच गाडीची हवा मी तपासली, चारही चाकांत ३० होती, आणि ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर ३८ लिहिलेलं. पंपावरचा मुलगा सवयीने सगळ्यांना ३०-३२ भरतो, त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. हवा नीट केल्यावर अ‍ॅव्हरेज फार नाही, एक-दीड टक्का सुधारलं असेल, पण त्या टायरच्या कडा झिजायच्या थांबल्या आणि ते टायर काय भावाला मिळतात ते तुम्हाला माहीत आहे.

रोजच्या वापरात ६ चं ७ होऊ शकतं, ११ होणार नाही. त्यातला सगळ्यात मोठा फायदा अर्धा तास आधी निघण्यात आहे, बाकी सगळ्या टिप्स एकत्र केल्या तरी तेवढं देत नाहीत. दुसरं, पुढे लाल दिसला की लांबूनच पाय उचला, गाडी गिअरमध्येच राहू द्या, आजकालची इंजिनं अशा वेळी पेट्रोल पूर्ण बंद करतात. आणि सिग्नलला इंजिन आपोआप बंद होण्याची सोय बटण दाबून बंद केली असेल तर चालू करा. उन्हाळ्यात एसीमुळे ती फारशी काम करणार नाही, पावसाळ्यात आणि थंडीत करेल.

प्रश्न: सर, मुंबईला जाताना माझी एसयूव्ही एक्सप्रेसवेवर ११.५ देते आणि येताना ९ च्या खाली. वेग तोच, माणसं तीच. मुंबईत भरलेल्या पेट्रोलमध्ये काही गडबड असते का? – वाचक, औंध

उत्तर: नाही हो, बोरघाट असतो. पुणे समुद्रसपाटीपासून ५५० मीटरच्या वर आहे, लोणावळा त्याहून थोडं जास्त आणि खोपोली जवळजवळ खाली कोकणातच. येताना तुम्ही अडीच टन वजन साधारण ५५० मीटर वर उचलून आणता आणि नुसत्या त्या उचलण्याचं पेट्रोल दीड लिटरच्या आसपास होतं, छोट्या गाडीला तेच अर्धा-पाऊण लिटरमध्ये भागतं. जाताना उतारावर त्यातलं थोडं परत मिळतं, सगळं नाही, कारण वळणांवर ब्रेक लागतोच. त्यामुळे नुसतं जातानाचं अ‍ॅव्हरेज मित्रांना सांगू नका आणि नुसतं येतानाचं मनाला लावून घेऊ नका, दोन्ही मिळून काय येतं तेच तुमचं खरं.

वेगाचंही बघा. ८० वरून १०० ला गेलात की हवेचा विरोध दीडपटीहून जास्त होतो, १२० ला सव्वादोनपट. एसयूव्ही उंच आणि रुंद, समोरून कपाटासारखी, तिला हे सेडानपेक्षा जास्त बाधतं. एक्सप्रेसवेवर सपाट भागात कारला मर्यादा १०० ची आहे, ९० ने गेलात तर घरी पाच-सहा मिनिटं उशिरा पोचाल पण टाकीत फरक दिसेल. आणि कृपा करून घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका, गिअरमध्ये उतरलात तर पेट्रोल तसंही बंद असतं आणि सगळा भार ब्रेकवर येत नाही. एवढ्या वजनाच्या गाडीचे ब्रेक घाटात तापून निकामी झाले तर पुढे काय होतं याची कल्पनाही नको.

प्रश्न: माझ्याकडे डिझेल लक्झरी एसयूव्ही आहे, बीएस ६. वापर फार कमी, मुलीला क्लासला सोडणं-आणणं, भाजी, कधी कॅम्प. अ‍ॅव्हरेज कधी ९ कधी एकदम ६.५, आणि मधेच गाडी बंद केल्यावरही पंखा जोरात चालू राहतो. इंजिन गेलं का? – वाचक, सहकारनगर

उत्तर: इंजिन गेलेलं नाही, पण तुमचा वापर या गाडीला मानवत नाहीये. सायलेन्सरच्या मार्गात एक फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात, तो काजळी साठवतो आणि भरला की गाडी जास्तीचं डिझेल घालून ती काजळी सहाशे अंशांच्या आसपास जाळते. ६.५ दिसतं ते बहुतेक त्याच दिवशीचं आणि पंखाही त्याचाच. ही जाळायची क्रिया पूर्ण व्हायला गाडी १५-२० मिनिटं सलग चालायला लागते, तुम्ही तीन किलोमीटरवर क्लासपाशी बंद करता, मग ती अर्धवट राहते, मग परत सुरू होते, परत डिझेल. दर पंधरा दिवसांनी एकदा सातारा रोडने खेड शिवापूरच्या पुढपर्यंत अर्धा तास एका वेगात चालवून आणा, हा खर्च वाया जाणारा नाही. ऑइलची लेव्हलही तपासून घ्या, वाढलेली दिसली तर त्यात डिझेल उतरतंय आणि ऑइल लवकर बदलायला हवं, हे पुढे ढकलू नका.

खरं सांगू का, क्लास तीन किलोमीटरवर असेल तर त्या कामाला घरातली स्कूटर जास्त बरी.

प्रश्न: परदेशी रिव्ह्यूमध्ये माझ्याच मॉडेलला ३० एमपीजी (एका गॅलनला ३० मैल) मिळाल्याचं वाचलं. आपल्याकडे इतका फरक का? – वाचक, वाकड

उत्तर: रिव्ह्यू कुठला आहे ते बघा. ब्रिटनचा गॅलन साडेचार लिटरचा, अमेरिकेचा पावणेचार लिटरचा. ब्रिटिश ३० एमपीजी म्हणजे लिटरला १०.६ किलोमीटर, अमेरिकन ३० म्हणजे १२.८. युरोपातले लोक १०० किलोमीटरला किती लिटर असं सांगतात, तिथे ९ लिटर लिहिलं असेल तर आपल्या भाषेत ११. त्यांच्याकडे २०१७ पासून डब्ल्यूएलटीपी नावाची जास्त कडक चाचणी लागू झाली, ३० मिनिटांची, १३० पर्यंत वेग जाणारी, त्यामुळे त्यांचे कागदावरचे आकडे रस्त्याच्या जवळ असतात. तरी त्या चाचणीतही भूमकर चौकातला ट्रॅफिक नाही.

प्रश्न: हे सगळं इथेनॉलमुळे होतंय असं सोसायटीत सगळे म्हणतात. २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने अ‍ॅव्हरेज अर्ध्यावर आलं, हे खरं का? – वाचक, कोथरूड

उत्तर: थोडं खरं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते, त्यामुळे २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलपेक्षा साधारण ७ टक्के ऊर्जा कमी आणि आधीच्या १० टक्केवाल्याच्या तुलनेत साडेतीन टक्के. म्हणजे १० चं ९.६ होणं समजू शकतो, १० चं ५ होणं इथेनॉलच्या माथी मारता येणार नाही. गाडी जुनी असेल आणि मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं लिहिलं असेल तर काळजी अ‍ॅव्हरेजची कमी आणि रबरी पाइप आणि सीलची जास्त करा, सर्व्हिसला त्याबद्दल स्पष्ट विचारा.

प्रश्न: माझ्या गाडीचा डिस्प्ले ८.४ दाखवतो आणि पंपाच्या हिशोबाने ७.७ येतं. कोणावर विश्वास ठेवू? – वाचक, हडपसर

उत्तर: पंपावर, पण एका टाकीवर नाही. सलग तीन टाक्या त्याच पंपावर, ऑटो कटपर्यंत भरा, किलोमीटर आणि लिटर वहीत लिहा आणि शेवटी एकदाच भागा. डिस्प्ले इंजेक्टर किती वेळ उघडे राहिले यावरून अंदाज बांधतो, तो थोडा जास्त दाखवणं बऱ्याच गाड्यांत बघितलंय. तुमचा फरक ८-९ टक्क्यांचा आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

प्रश्न: मी सेकंडहँड लक्झरी एसयूव्ही बघतोय, पेट्रोल, पाच वर्षं जुनी, माइल्ड हायब्रिड आहे म्हणून अ‍ॅव्हरेज चांगलं मिळेल असं डीलर म्हणतोय. महिन्याला ८०० किलोमीटर होतात, जवळजवळ सगळे शहरातच. घेऊ का? – वाचक, पिंपळे सौदागर

उत्तर: माइल्ड हायब्रिडमध्ये छोटी मोटर इंजिनला सुटताना जरा हात देते आणि ब्रेक मारताना थोडी वीज परत घेते, ती एकटी एवढी गाडी ओढत नाही, त्यामुळे फार अपेक्षा ठेवू नका. ब्रेकपाशी जाणारी ऊर्जा खऱ्या अर्थाने परत हवी असेल तर स्ट्राँग हायब्रिड (जिची मोटर काही वेळ एकटीही गाडी ओढते) किंवा इलेक्ट्रिक बघा, पुण्यातल्या ट्रॅफिकला ती गाडी जास्त शोभते असं माझं मत झालंय.

पैशाचं बोलू. पेट्रोल १०५ रुपये धरा. लिटरला ६ मिळालं तर महिन्याला १३३ लिटर, म्हणजे १४ हजार. समजा ११ मिळालं असतं तर साडेसात हजारांच्या आसपास. हा साडेसहा हजारांचा फरक दर महिन्याला सहज सोसत असेल आणि गाडी मनापासून आवडली असेल तर घ्या, आवडीने घेतलेल्या गाडीला मी नाही म्हणणार नाही, आईवडिलांना मागच्या सीटवर आरामात फिरवायचं असेल तर त्याची किंमत अ‍ॅव्हरेजमध्ये होत नाही. पण हप्ता कसाबसा बसतोय आणि वर हे पेट्रोल, टायर, सर्व्हिस, असं असेल तर थांबा.

आणि टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी घेऊ नका. डीलरला सांगा गाडी शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला हवी, एसी चालू ठेवून, ट्रिप मीटर शून्य करून, औंधवरून विद्यापीठ चौकातून शिवाजीनगरपर्यंत जाऊन त्याच रस्त्याने परत. डिस्प्ले जे अ‍ॅव्हरेज दाखवेल त्यातून अर्धा किलोमीटर वजा करा आणि तो आकडा घरी जाऊन सगळ्यांसमोर ठेवा.